सासूबाईंचा स्वभाव बदललाय? आधी एवढंच करा

ताई, शांत माणूस सत्तरीत संशयी, तोंडाळ झाला की आपण 'वय झालं' म्हणून सोडून देतो. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात (मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांची झीज होणारा आजार) तर स्वभाव आधी बदलतो, स्मरणशक्ती बरेचदा सुरुवातीला ठीक असते.

- बदल कधीपासून, ते वहीत लिहा. दोन-तीन दिवसांतच झाला असेल तर लघवीचा संसर्गही कारण असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.
- बी-१२, थायरॉइड तपासा.
- वाद नको. 'पाटल्या चोरल्या' म्हणाल्या तर 'चला, शोधूया' म्हणा. आमच्या उकड्या तांदळाच्या डब्यात सापडल्या, तीनदा!

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाताना वही न्या. औषधांचं नंतर बोलू. आणि गणेश चवथीच्या गर्दीत त्यांना एकटं सोडू नका.