मुलीला मध्यस्थ करायचंय? आधी तिला घरच्या ड्युटीतून सोडा

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी 19 वर्षांची, एसवाय बीकॉमला, राहायला सिंहगड रोडला. भांडणं मिटवायची तिला फार हातोटी आहे, सोसायटीतलेही तिचं ऐकतात, तर कम्युनिटी मिडिएटरचा, म्हणजे वस्तीतले वाद मिटवणाऱ्या व्हॉलंटियर मध्यस्थाचा, कोर्स कुठे असतो, सर्टिफिकेट मिळतं का आणि महिन्याला किती सुटतात, असं विचारलंय तुम्ही. आणि वर कौतुकाने लिहिलंय की अकाउंट्सच्या पेपरच्या आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत बसून तिने तुमचं आणि मिस्टरांचं गावच्या जमिनीवरून पेटलेलं भांडण शांत केलं, सकाळी पेपरला गेली, तरी फर्स्ट क्लास. "लहानपणापासून तीच आमची जज."

मी तिथेच अडकलो हो. कोर्सबिर्स नंतर बघू.

तुमच्याच पत्रावरून दिसतंय की तीन वर्षं झाली, तुम्ही दोघं एकमेकांशी धड बोलत नाही. "बाबांना सांग गॅस संपलाय", "आईला सांग मला उशीर होईल", सगळे निरोप तिच्यामार्फत. ही तिची ड्युटी झालीय ताई, बिनपगारी, रविवारचीही सुट्टी नाही, आणि तुम्ही त्याला टॅलेंट म्हणून मोकळ्या झालात. मध्यस्थाचं त्या भांडणात स्वतःचं काही अडकलेलं नसावं लागतं, ही पहिली अट. हिचं तर सगळंच अडकलंय, फी, घर, आई, बाप. आणि मध्यस्थी मर्जीची असते, ज्याला नको तो उठून जाऊ शकतो. ही उठून कुठे जाणार? आतल्या खोलीत? तिथेही तुम्ही "आता तूच सांग, चूक कोणाची" म्हणत मागे जाता, हेही तुम्हीच लिहिलंय.

आता ते 'जज' प्रकरण. हा गैरसमज बहुतेकांचा असतो की मध्यस्थ दोघांचं ऐकतो आणि कोण बरोबर ते सांगतो. निकाल देतो तो न्यायाधीश किंवा लवाद. मध्यस्थ निकाल देत नाही, पक्षांनी आपलं आपण ठरवायचं असतं, तो फक्त त्यांना तिथपर्यंत आणतो, आणि तिथे ऐकलेलं बाहेर बोलत नाही. एका सोसायटीत असं बसणं मी पाहिलंय, वरच्या बाथरूमचं लीकेज, खालच्यांच्या छताला ओल, आठ महिने भांडण. मध्यस्थ बाई जवळजवळ गप्पच. दोघांचं ओरडून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की प्लंबर आला होता का. वरचे म्हणाले दोनदा पाठवला, खालच्यांनी दारच उघडलं नाही. किती वाजता पाठवला? अडीच वाजता! पुण्यात दुपारी अडीचला दार कोण उघडतं? खालचे काका स्वतःच हसले. शनिवारी सकाळी दहा ही वेळ त्या दोघांनीच ठरवली, खर्चाचं नंतर तासभर चाललं ते वेगळं. बाईंनी चूक कोणाची ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुमच्या मुलीला नेमकं याच्या उलट शिकवलं जातंय, रोज कोणाची तरी बाजू घ्यायची आणि मग दुसऱ्याचा अबोला सोसायचा.

पैशाचं स्पष्ट सांगतो, व्हॉलंटियर म्हटलं की पगार नाही. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. वस्तीतली, कुटुंबांमधली शांतता बिघडवणारा वाद असेल आणि दोन्ही बाजू तयार असतील तर तिघांचं पॅनेल नेमायचं असं त्यात म्हटलंय, पण त्यात समाजात मान असलेली, अनुभवी माणसं अपेक्षित आहेत, 19 व्या वर्षी तिथे कोण घेणार? शिवाय तिथला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही, माणसांनी शब्द पाळला तर पाळला.

तिला स्वतःला हे आवडत असेल तर (तिला विचारलंय का? पत्रात तिचं एकही वाक्य नाही) बीकॉमनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी आहे, नाहीतर कर्वे समाज सेवा संस्थेत एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स. आत्ता चव घ्यायची तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) पॅरा लीगल व्हॉलंटियर घेतात का ते विचारा, काम केलेल्या दिवसांचं थोडं मानधन असतं. अर्ज भरून देणं, लोकांना योग्य टेबलापर्यंत नेणं, असं काम. परकी माणसं, ठरलेली वेळ, संध्याकाळी घरी. आणि तिला यातलं काहीच नको असेल, सीए किंवा बेकरी करायची असेल, तर तेही चालेल.

पण त्याआधी त्याच प्राधिकरणात तुम्ही जा. शिवाजीनगर कोर्टात ऑफिस आहे, बायकांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, 15100 हा हेल्पलाइन नंबर. केस न करताही मध्यस्थीबद्दल विचारता येतं. जमिनीचं काय ते तिथे बसून बोला, मिस्टर येत नसतील तर निदान तुम्ही एकट्या एखाद्या समुपदेशकाकडे जा. तिची पुढची परीक्षा येईल तेव्हा घरात भांडण झालंच तर होऊ द्या, तिला हाक मारायची नाही, एवढं जमतंय का बघा.

हे उत्तर मिस्टरांनाही वाचायला द्या. फक्त ते तिच्या हाती पाठवू नका.