मानमोडी आणि स्वाइन फ्लू एकच का?

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारलंय : ‘निफाडची आमची पणजी जुन्या गोष्टी सांगताना "मानमोडीच्या साली" असं म्हणायची. मानमोडी म्हणजे नक्की कोणता रोग? पावसाळ्यात आपल्याकडे ज्याच्या बातम्या येतात, तो स्वाइन फ्लू तोच का?’

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. शब्दाची घडण ‘घरफोडी’सारखी : मान मोडते ती मानमोडी. डेंग्यूला हाडमोड्या ताप म्हणतात, तीच तऱ्हा. कारण ठाऊक नसलं की लोक दुखण्यावरूनच नाव ठेवतात, आणि मला ते ‘स्पॅनिश फ्लू’पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतं. स्पेन महायुद्धात तटस्थ होता, तिथल्या वर्तमानपत्रांवर युद्धकाळातली बंधनं नव्हती. राजा तेरावा अल्फोन्सो आजारी पडल्याचं छापून आलं आणि रोग कायमचा स्पेनच्या नावावर चढला. खुद्द ‘इन्फ्लुएन्झा’ हा इटालियन शब्द म्हणजे ‘प्रभाव’, तोही ग्रहताऱ्यांचा! (जुन्नरच्या मानमोडी डोंगराचा या तापाशी संबंध जोडू नका. तिथल्या प्राचीन शिलालेखात त्याचं नाव ‘मानमुकुड’ असं येतं.)

पणजीबाई सालच लक्षात ठेवून होत्या, यात नवल नाही. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापानं पडले. ती लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरपासूनची मात्र जीवघेणी, आणि मुंबईहून ती रेल्वेच्या वाटेनं देशभर गेली. निफाड त्याच लोहमार्गावर. त्यात त्या वर्षी पावसानंही दगा दिलेला. म्हाताऱ्याकोताऱ्यांपेक्षा विशी-तिशीतली धडधाकट माणसं जास्त दगावली. देशात एक कोटीहून अधिक माणसं गेली. १९२१ च्या शिरगणतीत लोकसंख्या १९११ पेक्षाही कमी भरली, त्याचं मोठं कारण हेच.

आता ‘तोच का’. घराणं तेच, माणूस वेगळा, असं म्हणू. दोन्ही विषाणू एच१एन१. एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन, ज्यानं विषाणू पेशीला चिकटतो. एन म्हणजे न्यूरामिनिडेज, ज्यानं नवे विषाणू पेशीतून सुटून बाहेर पडतात. आकडे त्यांचे प्रकार सांगतात. १९१८ च्या विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत माणसांत फिरत होते. त्या वर्षी एच२एन२ आला आणि ते दिसेनासे झाले. १९७७ मध्ये पन्नाशीच्या दशकातल्यासारखाच एच१एन१ पुन्हा उपटला.

डुकरांचं म्हणाल, तर १९१८ मध्ये बहुधा माणसांकडूनच रोग त्यांच्याकडे गेला. तिथे तो टिकला, पक्ष्यांच्या आणि माणसांच्या विषाणूंशी त्याच्या जनुकांची सरमिसळ झाली, आणि २००९ मध्ये मेक्सिकोकडून नवा एच१एन१ जगभर पसरला. पसरला तो माणसाकडून माणसाला, पण नाव लागलं डुकराचं. इजिप्तनं तर डुकरांची सरसकट कत्तलच केली. जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २००९ अखेरीस ‘स्वाइन फ्लू’ म्हणणं सोडलं. आपण नाही सोडलं. ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि आपल्याकडेही तोंडाला रुमाल आणि खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी आली. गंमत म्हणजे साठीपुढच्यांना लागण तुलनेनं कमी झाली, कारण लहानपणी किंवा तरुणपणी १९१८ च्या वंशजांशी त्यांची गाठ पडलेली होती.

तेव्हा ‘मानमोडी’ १९१८ पुरताच वापरावा. आजच्या तापाला तो लावला तर नेमकं काय म्हणायचंय ते कळणार नाही आणि घरातले उगाच घाबरतील. २००९ चा विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूमध्येच मोडतो, म्हणून बोलताना नुसतं ‘फ्लू’ पुरे, रिपोर्टवरचं वाचताना ‘एच१एन१’. ‘स्वाइन फ्लू’ रूढ झालाय, तो चूक म्हणून कुणाला टोकायला मी जाणार नाही. ‘डुक्करताप’ मात्र नको.