तोच गीझर एका भागात वर्षानुवर्षं चालतो, दुसरीकडे लवकर बिघडतो, असं का?

दोष बहुतेक वेळा गीझरचा नसतो, पाण्याचा असतो. चुनखडीच्या खडकातून झिरपलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. ग्रॅनाइटच्या भागातलं सहसा हलकं, म्हणजे कमी क्षारांचं असतं. त्याच गावात नळाचं पाणी हलकं आणि बोअरचं जड, असंही असतं. लिटरमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा (म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण) असेल तर पाणी हलकं, १२० च्या पुढे जड आणि १८० च्या वर फारच जड मानतात.

खरी गडबड पाणी तापवल्यावर होते. विरघळलेलं बायकार्बोनेट उष्णतेने फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर कॉइलवर बसतो. किटलीच्या तळाशी खरवडलं की अंड्याच्या कवचासारखे पापुद्रे निघतात ना, तेच हे. या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही, कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि शेवटी जळते. वीज जास्त जाते ती वेगळीच.

अशाच जड पाण्यामुळे वॉशिंग मशीनमध्ये साबणाला फेस येत नाही, कपडे कडक होतात.

गीझर ५५-६० अंशांवर ठेवा, थर हळू साचतो. किटलीत सायट्रिक ॲसिडचं पाणी उकळून तासभर ठेवा, मग स्वच्छ धुवा. आणि टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो सगळेच क्षार मोजतो, कठीणपणा नाही. त्यासाठी हार्डनेस टेस्ट किट घ्या. आकडा फारच मोठा आला तरच सॉफ्टनरचा, म्हणजे पाणी हलकं करणाऱ्या यंत्राचा, खर्च करा.