‘आधी नोकरी, मग राजकारण’ म्हणणाऱ्या वडिलांना

(बार्शी तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र: ‘मुलगी 20 वर्षांची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. एन.एस.एस.च्या शिबिरातून आल्यापासून म्हणते, एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करीन आणि पुढे निवडणूक लढवीन. आम्ही एम.पी.एस.सी. म्हणतो. समाजसेवेनं पोट भरतं का? आणि राजकारण हे काय करिअर आहे?’)

नमस्कार.

तुमचे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत, घरच्या वादात ते एक झालेत. पोटाचं आधी सांगतो. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मुलामुलींना हॉस्पिटलात, संस्थांत, कारखान्यांच्या कामगार कल्याण विभागात, महिला-बालविकासाच्या योजनांत कामं मिळतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि बरीच कामं कंत्राटी असतात, हे लपवत नाही. पण उपाशी कोणी राहत नाही.

आता राजकारण. मुंबईच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे तुम्हाला ‘पाणीवाली बाई’ म्हणून आठवत असतील. त्यांनी वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडलं, आणि हे तुमच्या मुलीनं बिलकूल गिरवू नये. पुढचं मात्र नीट बघा. आज मुंबईत असलेलं गोरेगाव तेव्हा ग्रामपंचायतीचं गाव होतं. तिथे त्यांनी बायकांमध्ये काम केलं, कुटुंब नियोजनाचं केंद्र चालवलं. त्या काळात हा विषय बायकांपुढे काढायचा म्हणजे काय, ते तुमच्या आईला विचारा. 1958 मध्ये पती केशव गोरे गेले, पदरात लहान मुलगी. तरी काम थांबलं नाही. 1961 मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या आणि उपनगरांतल्या पाण्यासाठी भांडत राहिल्या. पाणीवाली बाई हे नाव लोकांनी दिलं, पोस्टर लावून मिळालेलं नाही.

1972 मध्ये त्या आमदार झाल्या. त्याच काळात महागाईविरोधात कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकरांसारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी बायकांना हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं. लाटणंच का? स्वयंपाकघरातल्या बाईला तेल-साखरेचा भाव कळतो आणि लाटणं तिच्या हातात रोज असतंच, वेगळी तयारी लागत नाही. आणीबाणीत तुरुंगवास झाला. 1977 मध्ये खासदार झाल्या तेव्हा घोषणा गाजली: ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई गल्लीत.’ दिल्लीवाली बाई म्हणजे त्या निवडणुकीत हरलेल्या इंदिरा गांधी. पण मला त्यांचं 1986 मधलं काम जास्त मोलाचं वाटतं. गर्भलिंग चाचणीविरोधात त्यांनी विधानसभेत अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारनं नव्हे तर आमदारानं स्वतः आणलेलं विधेयक, मांडलं, आणि 1988 मध्ये महाराष्ट्रात कायदा झाला. मोर्चा काढता येणारे पुष्कळ असतात, विधेयकाचा मसुदा घेऊन उभे राहणारे मोजके.

क्रम लक्षात आला ना? ग्रामपंचायतीच्या गावात काम, मग महापालिका, मग विधानसभा. माझ्याकडे मागे एक तरुण आला होता. पक्षाच्या युवक आघाडीचं पद, गळ्यात उपरणं, फोनमध्ये नेत्यांबरोबरचे फोटो. विचारलं, तुमच्या वॉर्डात पाणी किती दिवसांनी येतं? म्हणाला, आमच्याकडे बोअर आहे. मी त्याला दुसरा प्रश्न विचारलाच नाही.

तुमच्या मुलीला निवडणूक लढवायला फार थांबावं लागणार नाही. ग्रामपंचायतीला वयाची अट 21 वर्षांची, विधानसभेला 25 ची. महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. एक मात्र ध्यानात ठेवा: सरकारी नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही. म्हणजे एम.पी.एस.सी. हा तिच्या मार्गावरचा टप्पा नव्हे, तो दुसराच रस्ता आहे. तो तिनं स्वतः निवडला तर चांगलाच, पण ‘आधी अधिकारी हो, मग बघू’ ही तडजोड तिची फसवणूक ठरेल.

माझं मत विचाराल तर एम.एस.डब्ल्यू. करू द्या. त्यातलं फिल्डवर्क प्रामाणिकपणे केलं तर वस्ती, कचेरी आणि कागद या तिन्हींशी ओळख होते. नंतर दोन-तीन वर्षं पगाराचं काम करावं, शक्यतो आपल्याच तालुक्यात, म्हणजे राजकारणात कुणाच्या पैशावर उभं राहायची वेळ येणार नाही.

आणि आत्ता, फी भरायच्या आधी, एक करा. 1 मे ला ग्रामसभा असते. तिला घेऊन जा, तुम्हीही शेवटपर्यंत बसा. किती माणसं आली, किती बायका बोलल्या, इतिवृत्तात काय लिहिलं गेलं, ते तिला वहीत टिपू द्या. घरी आल्यावर ती कंटाळलेली असेल की चिडलेली, तेवढं मला कळवा.