खुणा ढीगभर, हरिण एकही नाही

या महिन्यात पत्रं जवळजवळ सगळी हरणांवरच आलीत. साहजिक आहे, सप्टेंबर संपत आला की अमेरिकेत बऱ्याच राज्यांत धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा सीझन उघडतो, आणि रायफलवाले नोव्हेंबरच्या आशेवर कपाटं आवरायला घेतात. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, त्यातल्या त्यात सगळ्यांच्या उपयोगाची पाच पत्रं घेतलीत.

प्रश्न: काका, मी विस्कॉन्सिनमध्ये असतो, शिकारीचं पहिलंच वर्ष. हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं आणि सीझनच्या आधी लागोपाठ तीन शनिवार सरकारी जंगलात स्काउटिंगला, म्हणजे हरणांच्या खुणा हुडकायला, जाऊन आलो. खुरांचे ठसे आहेत, लेंड्या आहेत, झाडांची सालं घासलेली आहेत, म्हणजे हरणं आहेत हे नक्की, पण डोळ्यांना एकही दिसलं नाही. माझं चुकतंय कुठे?

उत्तर: फार काही चुकत नाहीये रे. फक्त तू हरिण कुठे असतं एवढंच बघतोयस, कधी असतं ते बघत नाहीयेस. व्हाइटटेल, म्हणजे इथलं पांढऱ्या शेपटीचं हरिण मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडतं, आणि माणसाची वर्दळ जाणवली की उघड्यावर यायचं ते रात्रीवर ढकलतं. त्यामुळे शेताच्या कडेला, रुंद पायवाटेवर ज्या ठसठशीत खुणा दिसतात ना, त्यातल्या बऱ्याचशा रात्रीच्या असतात. आणि शिकार करायची मुभा साधारण सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास (राज्याराज्यांत थोडा फरक आहे, तुझ्या राज्याचं नियमांचं पुस्तक बघून घे).

मी स्वतः हे ठेच लागून शिकलो. माझ्या दुसऱ्या वर्षी मक्याच्या शेताच्या बांधाला एक स्क्रेप सापडला, म्हणजे नराने खुरांनी पाला बाजूला सारून परातीएवढी जमीन उकरलेली, वर डोळ्यांच्या उंचीला एक लोंबती फांदी, तिचं टोक चावून चावून झाडूसारखं झालेलं, आणि खाली मुताचा असा वास की दोन पावलांवरून कळावा. मी तर खूश! तीन संध्याकाळी तिथंच ठाण मांडलं, बोटं बधिर झाली, एक खार सोडली तर काही आलं नाही, आणि रोज सकाळी जाऊन बघावं तर त्या उकरलेल्या मातीत नवा कोरा ठसा. म्हणजे साहेब रोज येत होते, फक्त मी घरी जाऊन झोपल्यावर.

चौथ्या दिवशी तिथून दीडेकशे पावलं आत, दाट झाडीत शिरलो. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं, एक वीतभर रुंदीची वाट, ओल्या चकचकीत लेंड्या आणि ओकच्या फळांच्या चावून टाकलेल्या टोप्या. बसलो. अंधार पडायला अर्धा तास असताना तीन माद्या आणि मागे एक कोवळा नर आला, शेताकडे निघालेली मंडळी वाटेत चरत थांबली होती. झोपायची जागा आणि चरायची जागा यांच्या मधली ही जी उजेडातली जागा असते ना, ती शोधायची.

आता तुझ्या खुणांचं. लेंडी ओली आणि चमकती असेल तर ताजी, कोरडी आणि फिकी असेल तर सोडून दे. ठशाचं टोकदार तोंड जिकडे, हरिण तिकडे गेलं, पण नुसत्या ठशावरून नर की मादी हे छातीठोकपणे सांगणाऱ्याचं फार मनावर घेऊ नकोस. सालं घासलेली म्हणतोस ते रब. शिंगांवरची मखमली कातडी साधारण ऑगस्टअखेर-सप्टेंबरात गळते, त्यानंतर नर शिंगं घासायला लागतो. खोडाची कुठली बाजू घासलीय ते बघ, बहुतेक वेळा नर त्या बाजूने आलेला असतो, आणि एकापुढे एक असे चार-पाच रब एका रेषेत सापडले तर त्याची वाटच सापडली समज. पाल्यात अंड्यासारखा लांबट गोल, हरणाच्या अंगाने दबलेला खळगा दिसला तर ती बसायची जागा. लहानमोठे तीन-चार खळगे जवळजवळ असले तर मादी आणि पिल्लं, डोंगराच्या दांड्याखाली, वाऱ्याच्या आडोशाला एकटाच मोठा खळगा असला तर बहुतेक नर. तिथं पुन्हा पाऊल टाकायचं नाही, ती जागा नकाशावर टिपायची आणि लांबूनच राम राम करायचा.

आणि खाणं बघ. पांढऱ्या ओकची फळं कमी तुरट असतात, ती पडायला लागली की हरणं बाकीचं सोडून तिकडे वळतात. पानाच्या कडा गोल असतील तर पांढरा ओक, टोकदार असतील तर लाल, एवढं आलं तरी पुष्कळ. शिवाय नकाशात दोन टेकड्यांमधली खिंड, घळीचं वरचं तोंड, दलदल आणि उतार यांच्या मधली चिंचोळी पट्टी असल्या जागांवर खूण कर, हरिणसुद्धा आपल्यासारखंच आळशी, चढ टाळता आला तर टाळतं. एक शेवटचं, दर शनिवारी सगळं जंगल तुडवू नकोस. मनसोक्त फिरायची वेळ म्हणजे फेब्रुवारी-मार्च, सीझन संपलेला असतो, पाला झडलेला असतो, मागच्या हिवाळ्याच्या वाटा उघड्या दिसतात आणि नशीब असेल तर गळलेलं शिंगही हाताला लागतं.

प्रश्न: वास मारणारा स्प्रे, बिनवासाचा साबण, कपड्यांसाठी कोळशाची पिशवी असं सगळं घेतलं, बायको म्हणते लग्नातसुद्धा एवढी तयारी केली नव्हतीस. तरी परवा एक मादी माझ्याकडे बघून फुस्स करून पळाली. माल खोटा आहे का?

उत्तर: वहिनींचं निरीक्षण पक्कं आहे. माल खरा असो खोटा असो, हरणाचं नाक आपल्या कल्पनेच्या पलीकडचं आहे आणि श्वास तर तुम्ही सोडणारच. त्यामुळे पैसे साबणावर घाला न घाला, बसायची जागा वाऱ्यावरून ठरवा. हरिण जिथून येणार तिथून वारा तुमच्याकडे आला पाहिजे, आणि जाताना तुमचा वास कुठे पसरतो तेही धरा, कारण बरेच जण बसतात बरोबर पण चालत जातात नेमके हरणांच्या बैठकीवरून.

डोंगराळ भागात आणखी एक गंमत असते. सकाळी ऊन लागलं की हवा तापून उताराने वर चढते, संध्याकाळी थंड झाली की पाण्यासारखी घळीत उतरते. म्हणून सकाळी हरणांच्या वर बसायचं, संध्याकाळी खाली. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मिल्कवीडच्या शेंगा खिशात ठेवा. हे झाड आपल्या रुईच्याच कुळातलं, आत तशाच म्हाताऱ्या असतात. एक सोडली की ती तरंगत कुठे जाते ते लांबवर दिसतं, आणि पन्नास पावलांवर अचानक उलटी फिरली की कळतं मादीने फुस्स का केलं ते.

प्रश्न: मी भडक नारिंगी जॅकेट घालून बसलो तर हरिण कसं काय येईल? काढून ठेवलं तर चालेल का?

उत्तर: अजिबात नाही. हरणाला आपल्यासारखा नारिंगी दिसत नाही, त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, त्यामुळे तुमचं जॅकेट त्याला मळकट काहीतरी दिसतं. उलट निळा त्याला चांगला दिसतो, म्हणून निळी जीन्स नको आणि कपडे चकचकीत करणारी डिटर्जंट पावडरही नको. नारिंगी असतो तो दुसऱ्या शिकाऱ्याच्या बंदुकीसाठी. पेनसिल्व्हेनियात रायफल सीझनला डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी अंगावर लागतो, बाकी राज्यांत आकडा वेगळा. हरणाला दिसते ती हालचाल. खाज सुटली तरी हळू खाजवा.

प्रश्न: माझा नवरा दोन वर्षांपासून शिकारीला जातो. सासूबाई फोनवर म्हणतात हे पाप आहे, बंद करायला सांग. मला पापाचं माहीत नाही पण तो वीस फूट झाडावर चढून बसतो त्याची भीती वाटते, आणि ते मटण मुलांना द्यावं का? हरणांना कसलासा रोग आहे म्हणतात.

उत्तर: ताई, तुमची भीती सासूबाईंच्या भीतीपेक्षा जास्त कामाची आहे, म्हणून आधी ती. मचाणावरून, म्हणजे ट्री स्टँडवरून पडणं हा या छंदातला मोठा धोका आहे, आणि लोक पडतात ते बरेचदा चढता-उतरताना. त्यामुळे हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचा सुरक्षेचा पट्टा, वर जाऊन नाही, जमिनीवरच घालायचा आणि झाडाला बांधलेल्या दोराला पहिल्या पायरीपासून अडकवायचा. बंदूक रिकामी करून मागून दोरीने वर ओढायची. कुठल्या झाडावर बसणार आणि किती वाजता परत येणार हे निघताना तुम्हाला लिहून दिलं पाहिजे, नाही दिलं तर डबा देऊ नका.

रोग म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त ठेवलेल्या हरणांत पहिल्यांदा लक्षात आला, विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडला. प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो आणि शिजवून ते मरत नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण रोग असलेल्या भागातलं हरिण तपासून घ्यायचं आणि रिपोर्ट वाईट आला तर खायचं नाही, असंच सरकारी आरोग्य खातंही सांगतं. रिपोर्ट येईपर्यंत मटण वेगळं बांधून फ्रीझरमध्ये ठेवा.

सासूबाईंचं म्हणणं मी खोडणार नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर ते आहे आणि ते तिथे बरोबरच आहे. इथे अमेरिकेत गोष्ट उलटी झाली. बाजारासाठी बेसुमार मारून १९०० च्या सुमारास व्हाइटटेल ५ लाखांच्या आसपास उरली होती. मग बेकायदा मारलेल्या जनावरांचा व्यापार रोखणारा १९०० चा लेसी कायदा आला, सीझन आणि टॅग (मारलेल्या हरणामागे लागणारी परवान्याची चिठ्ठी) आले, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामाला लागला, आणि आज ती ३ कोटींच्या घरात आहेत. बऱ्याच भागांत लांडगा-प्यूमा उरलेले नाहीत, मग हरणं जंगलाची कोवळी रोपं फस्त करतात. एवढं सांगून बघा, नाही पटलं तर फोनवर मुलांच्या शाळेबद्दल बोला.

प्रश्न: गेल्या वर्षी संध्याकाळी बाण लागला हे मी डोळ्यांनी पाहिलं, नर पळाला, मी लगेच टॉर्च घेऊन मागे गेलो. थोडं रक्त, मग काहीच नाही. दोन दिवस शोधलं. ते अजून मनातून जात नाही. काय करायला हवं होतं?

उत्तर: माझंही एक गेलंय, त्यामुळे तुम्हाला काय वाटतं ते मला माहीत आहे. पहिली गोष्ट, लगेच जायचं नव्हतं. जखमी हरीण बहुतेकदा थोडं जाऊन आडवं होतं, मागे कोणी आलं की उठून कुठल्या कुठे जातं. आधी जिथे लागलं तिथे बाण शोधायचा आणि त्याच्यावरचं बघायचं. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबलात तरी पुरे. गडद, काळपट लाल म्हणजे यकृत, चारेक तास. हिरवट घाण आणि आंबूस वास म्हणजे पोटात लागलाय, मग आठ-दहा तास तरी थांबायचं, रात्र गेली तरी चालेल. पाऊस येणार असेल तर मात्र गणित बदलतं, मी अशा वेळी रक्तावर माग काढणारा कुत्रा बोलावतो, बऱ्याच राज्यांत दोरीला बांधलेल्या कुत्र्याला परवानगी आहे.

आणि मागावर जाताना वाटेवर नाही, वाटेच्या बाजूने चालायचं, नाहीतर आपलेच बूट खुणा पुसतात. रक्त फक्त जमिनीवर शोधू नका, गवताच्या पात्याला गुडघ्याच्या उंचीवर पुसलेलं असतं. दिसलेल्या प्रत्येक थेंबापाशी टॉयलेट पेपरचा तुकडा फांदीला अडकवत जा. माग तुटला की मागे वळून त्या पांढऱ्या तुकड्यांची रेघ बघायची, हरिण कुठल्या दिशेला चाललं होतं ते तिच्यावरून कळतं, आणि तुकडे पुढच्या पावसात विरघळून जातात.