पियानो नसताना फ्यूग कसा लिहिला?

प्रश्न : ताई, माझी बारा वर्षांची मुलगी तीन वर्षांपासून पियानो शिकतेय. पावसात आमच्या डिजिटल पियानोचा अडॅप्टर जळला. नवा यायला तीन आठवडे लागतील, म्हणून तिनं वहीच मिटून ठेवलीय. तिच्या बाई म्हणाल्या, एका रशियन संगीतकारानं कैदेत, पियानो नसताना प्रील्यूड आणि फ्यूग लिहिले. टिळकांनी मंडालेला पेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहिलं हे समजू शकते. शब्दांना वाद्य लागत नाही. पण वाजवून न बघता संगीत कसं लिहिणार?
— एक आई, ऐरोली

उत्तर : बाई म्हणाल्या ते खरं आहे. त्यांचं नाव व्सेवोलोद झादेरात्स्की. १९२६ मध्ये त्यांना अटक झाली, तेव्हा तोवर लिहिलेलं सगळं संगीत नष्ट केलं गेलं. १९३७ मध्ये पुन्हा धरलं आणि रशियाच्या अतिपूर्वेकडच्या कोलिमाच्या श्रमछावणीत पाठवलं. तिथे हिवाळ्यात पारा उणे पन्नासापर्यंत उतरतो. १९३९ मध्ये ते सुटले. या दोन वर्षांत त्यांनी २४ प्रील्यूड आणि फ्यूग लिहिले होते, प्रत्येक मेजर आणि मायनर स्केलमध्ये एकेक जोडी. प्रील्यूड म्हणजे फ्यूगच्या आधी येणारी छोटी, मोकळी रचना. फ्यूग म्हणजे काय ते पुढे सांगते. कागद म्हणजे तारेचे फॉर्म, आणि हातात पेन्सिल. प्रसिद्ध रशियन संगीतकार शोस्ताकोविचचे २४ प्रील्यूड आणि फ्यूग १९५०-५१ चे, म्हणजे दहा वर्षांहून जास्त नंतरचे. ते जगभर वाजले. झादेरात्स्कींची पूर्ण मालिका मैफलीत वाजायला २०१४ साल उजाडलं. ते स्वतः १९५३ मध्येच गेले होते. हे मला अजून बोचतं.

आता ‘कसं’ ते सांगते. वारीत एकजण अभंगाची ओळ म्हणतो आणि टाळकरी ती उचलतात. फ्यूगमध्येही एक आवाज छोटीशी ओळ म्हणतो, दुसरा ती उचलतो, पण पंचमावरून. आणि पहिला थांबत नाही, त्याच्याविरुद्ध वेगळं काही गात राहतो. मग तिसरा येतो. म्हणजे ती पहिली ओळ रचतानाच, तिच्यावर तीच ओळ पुढे कशी बसेल हे मनात ऐकावं लागतं. बोटं इथे फारशी कामाची नाहीत. प्रील्यूड बोटं फिरवता फिरवता सुचू शकतो. फ्यूग आतल्या कानानंच बांधावा लागतो. म्हणून मला वाटतं, वाद्याविना राहिलेल्या माणसाला फ्यूगच सर्वांत जवळचा. जर्मन संगीतकार बाखलाही १७१७ मध्ये वायमारच्या ड्यूकनं जवळजवळ चार आठवडे कोंडून ठेवलं होतं, नोकरी सोडायचा हट्ट धरला म्हणून. त्यांच्या २४ जोड्यांच्या पहिल्या ग्रंथाची सुरुवात तिथेच झाली असं पुढे सांगितलं गेलं. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर साल आहे १७२२.

मी स्वतः हे फार उशिरा शिकले. २६ जुलै २००५ ला नौपाड्यातल्या आमच्या तळमजल्याच्या घरात पाणी शिरलं आणि माझा अपराइट पियानो गुडघाभर पाण्यात उभा राहिला. पट्ट्या फुगल्या, हॅमरचा फेल्ट लगदा झाला. पाच महिने घरात पियानो नव्हता. मी जेवणाच्या टेबलावर बाखचा सी मायनर फ्यूग उघडून बसायचे. एकतीसच मापांचा (माप म्हणजे बार, तालाचा एक घर), तीन आवाजांचा. तिसऱ्या मापात दुसरा आवाज येतो, सातव्यात तिसरा. मधला आवाज मला आठवडाभर ऐकूच येईना. वरचा गुणगुणायला लागले की तो विरून जायचा. एका सकाळी पोळ्या लाटताना तो आपोआप सुरू झाला आणि मी लाटणं तसंच धरून उभी राहिले. इतकी वर्षं बोटांनी वाजवलेला तो फ्यूग मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

अडॅप्टर जळणं आणि कोलिमा यांची बरोबरी मी करणार नाही, तुम्हीही मुलीसमोर करू नका. तिला फक्त वही उघडायला सांगा. सध्याच्या धड्यातला डावा हात निळ्या पेन्सिलीनं गिरवायचा, उजवा लाल. आधी निळी ओळ गायची, मग लाल. मग लाल गाताना निळीचा ताल टेबलावर बोटांनी धरायचा. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नको, कान थकतो. शेवटच्या आठवड्यात चार मापांची स्वतःची एक ओळ लिहू द्या, आणि कुठल्याही ॲपवर वाजवून बघू देऊ नका. अडॅप्टर आला की आधी तीच ओळ वाजवायची. मनात ऐकलेलं आणि पियानोवर निघालेलं कुठे वेगळं पडलं, ते तिनं स्वतः मला लिहून कळवावं. मी वाट बघते.