'मनी'च्या सुरुवातीचा सात मात्रांचा लूप कसा बनवला, आणि घरी केला की तो लंगडतो का?

तुमचे प्रश्न तीन आहेत: पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बममधलं 'मनी' हे गाणं रूपक तालात आहे का, सुरुवातीची नाणी आणि गल्ला इतके चोख तालात कसे पडतात, आणि तसाच लूप (पुन्हापुन्हा फिरणारा आवाजाचा तुकडा) संगणकावर केला की दर आवर्तनाला तो लंगडतो का. तिसऱ्याचं उत्तर बरंचसं दुसऱ्यात आहे, म्हणून आधी पहिला घेतो.

मात्रा सातच आहेत, पण रूपक नाही. भास होतो याला कारण आहे. रूपकाच्या टाळ्या ४ आणि ६ वर येतात, आणि इथे स्नेअर ड्रमही त्या दोन्ही मात्रांवर वाजतो. पण तो २ वरही वाजतो, त्यामुळे कानाला ३-२-२ ऐवजी २-२-३ असे तुकडे ऐकू येतात. शिवाय रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली (टाळी नसलेली जागा) असते. इथे पहिल्या मात्रेवर बेसचा भक्कम षड्ज आहे. हार्मोनियमची पांढरी सात सा धरून बेस गाऊन पाहा: सा, सां-प, सा, मंद्र प, मंद्र कोमल नि, सा, कोमल ग. मात्रा सात, स्वर आठ. दुसऱ्या मात्रेतले दोन स्वर अर्धे-अर्धे नाहीत, पहिला लांब आणि दुसरा आखूड, साधारण २:१. हा झोल सुटला की मोजणी बरोबर असूनही गाणं 'मनी'सारखं वाटत नाही.

आता लूप. अल्बमचं ध्वनिमुद्रण १९७२-७३ मध्ये लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत झालं, पण या लूपची पहिली आवृत्ती बँडचा बेसवादक रॉजर वॉटर्सनं घरी केली होती. त्याची तेव्हाची पत्नी मातीकाम करायची. तिच्या माती कालवायच्या मोठ्या भांड्यात त्यानं नाणी टाकली आणि तो आवाज टेपवर घेतला. पुढे स्टुडिओत ध्वनितंत्रज्ञ अ‍ॅलन पार्सन्स यांच्याबरोबर लूप नव्यानं बांधला गेला. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याची घंटा असे आवाज वेगवेगळे टेपवर घेतले, पट्टीनं मोजून एकाच लांबीचे तुकडे कापले, एकापुढे एक जोडले आणि शेवट सुरुवातीला चिकटवला. ताल अक्षरशः इंचांत मोजला होता.

हिशोब करून बघू. टेप सेकंदाला १५ इंच, म्हणजे ३८.१ सेंटिमीटर धावते. मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे साडेसात इंच टेप. सात मात्रांना साडेबावन्न इंच. एवढा वेढा यंत्रावर मावत नाही, म्हणून तो बाहेर काढून माइकच्या स्टँडवरून फिरवतात. ताण सैल पडला तर आवाज लहरतो, जास्त झाला तर टेप घसटते.

कापताना खरी मेख अशी की नुसती लांबी सारखी असून भागत नाही. आवाजाचा आघात प्रत्येक तुकड्यात त्याच जागी, अगदी सुरुवातीला, आला पाहिजे. त्यासाठी टेप हातानं हेडवर (यंत्राचा टेप वाचणारा भाग) पुढेमागे सरकवून आघात शोधतात, पाठीवर मेणाच्या पेन्सिलीनं खूण करतात आणि खुणेच्या किंचित आधी कापतात. पाव इंची टेप ४५ अंशांत तिरकी कापली तर जोड सुमारे १७ मिलिसेकंदांत पसरतो. सुरांना ते छान, पण टणत्कारी आवाजाला जास्त उभा छेद बरा. ब्लेडमध्ये चुंबकत्व असेल तर प्रत्येक जोडावर 'टक्' येतं. चिकटपट्टी टेपहून थोडी अरुंद हवी आणि नेहमी पाठीच्या बाजूनं लावावी.

संगणकावरही चुका याच होतात, फक्त दिसत नाहीत. आधी तालमान ७/४ करा. ते ४/४ वर ठेवून दोन आवर्तनांचा लूप लावला की आठवी मात्रा रिकामी पडते. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेताना, १२० च्या लयीत एक तुकडा २२,०५० नमुन्यांचा होतो. मूठभर नाणी टाकली तर आधी एखादंच टेकतं आणि मोठा खणखणाट किंचित उशिरा येतो. मात्रेवर तो खणखणाट बसवा, पहिली टिचकी नव्हे. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सुतासारखं फाटतं, आडवं फाडलं की खरखरीत फाटतं. आवाजाला आडवंच हवं. आवाज आपोआप ताणून लयीत बसवणारी सोय बंद करा, ती आघात बोथट करते. टोकांना दोन-तीन मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळू चढ-उतार) पुरतो. आणि फाइल एमपी३ करू नका. त्या स्वरूपात सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते, आणि दर आवर्तनाला लंगडणं हे तिचं नेहमीचं लक्षण आहे. वेव्ह फाइल करून वाजवा, बहुतेक तिथेच सुटेल.

सुटला तरी पूर्ण गाणं त्या लूपवर जखडू नका. मूळ ध्वनिमुद्रणात लूप सुरुवातीला लय धरायला होता, गायन सुरू होण्याआधी तो हळूहळू मिटवला आणि पुढे वादक आपल्या लयीत वाजवत गेले. डिक पॅरीचा सॅक्सोफोन सातातच आहे, डेव्हिड गिल्मोरच्या गिटारला ४/४ सुरू होतं. तिथे पोचताना मोकळी झालेली लय कान देऊन ऐका. क्लिक (लय मोजणारी यांत्रिक टिकटिक) लावून वाजवलेल्या नकलांत नेमकी तीच हरवते.